हिरडीतून झिरपणारा द्रव काय सांगतो? पायरिया आणि प्रथिनांची मोजदाद

दातांच्या दवाखान्यात हिरड्यांची नीट तपासणी झाली असेल, तर डॉक्टर सहायकाला "तीन, दोन, तीन… चार, सहा, पाच" असे आकडे सांगत असल्याचं ऐकलं असेल. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई, म्हणजे प्रोब, दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत हलकेच घालतात आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. १ ते ३ मिमी भरली तर ठीक. ४ किंवा त्याहून जास्त भरली आणि सोबत रक्तही आलं, तर हिरडी दातापासून सुटू लागली आहे असा संशय घ्यायचा. हिरड्यांच्या आजाराचं निदान आजही मुख्यतः या आकड्यांवर आणि एक्स-रेवर चालतं.

पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक मूलभूत उणीव आहे. हाड आणि हिरडी किती गेली, एवढंच हे आकडे सांगतात. सहा मिलिमीटरची खाच पाच वर्षांपूर्वी तयार होऊन आता शांत बसलेली असू शकते, किंवा आत्ता या घडीला आणखी खोल जात असू शकते. प्रोबला दोन्ही सारख्याच दिसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी गेली दोन दशकं त्या खाचेतून झिरपणाऱ्या द्रवातली शेकडो प्रथिनं एकाच वेळी मोजण्याचं काम चालू आहे. "लाळेवरून पायरिया ओळखणार" अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांच्या मुळाशी हेच काम असतं.

आधी आजार समजून घेऊ

दातावर जंतूंचा जो चिकट थर बसतो त्याला प्लाक म्हणतात. तो काढला नाही की हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येतं. ही झाली हिरडीची सूज, म्हणजे जिंजिव्हायटिस. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये हे थेट दाखवून दिलं. हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण थांबवलं, तर १० ते २१ दिवसांत प्रत्येकाची हिरडी सुजली. घासणं पुन्हा सुरू केल्यावर सूज आठवडाभरात उतरली.

पुढची पायरी मात्र परतीची नाही. सूज खोलवर गेली की दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात आणि हाड विरघळू लागतं. याला पेरिओडोंटायटिस म्हणतात. आपण बोलताना पायरिया म्हणतो, या लेखातही तोच शब्द वापरतो. गेलेलं हाड बहुतेक वेळा भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार १५ वर्षांवरच्या सुमारे १९ टक्के लोकांना याचं तीव्र रूप आहे, म्हणजे जगभरात १०० कोटींहून जास्त माणसं.

घाण सारखी, मग दात सगळ्यांचे का पडत नाहीत?

या प्रश्नाचं सर्वांत बोलकं उत्तर श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतून आलं. १९७० मध्ये ल्यो यांच्याच गटाने तिथल्या ४८० पुरुष मजुरांच्या तोंडाची तपासणी सुरू केली आणि १९८५ पर्यंत पुन्हा पुन्हा केली. हे मजूर ब्रश वापरत नव्हते आणि दातांचा दवाखाना त्यांच्या आवाक्यात नव्हता. सगळ्यांच्याच दातांवर भरपूर प्लाक आणि कीटण होतं, हिरड्याही सगळ्यांच्याच सुजलेल्या होत्या. तरीही पंधरा वर्षांनी तीन गट पडले. सुमारे ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला. त्यांचे चाळिशीपर्यंत बरेचसे दात गेले. ८१ टक्के लोकांत तो मध्यम वेगाने सरकला. आणि ११ टक्के लोकांची गाडी हिरडीच्या सुजेपलीकडे गेलीच नाही.

जंतूंशिवाय हा आजार सुरू होत नाही, हे खरं. पण तो किती वेगाने जाईल हे बरंचसं ज्याच्या त्याच्या शरीराच्या प्रत्युत्तरावर ठरतं. आणि हे प्रत्युत्तर प्रत्यक्षात घडवतात ती प्रथिनं.

प्रथिनंच का, जनुकं का नाहीत?

माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं असतात आणि ती जन्मभर जवळपास तीच राहतात. कोणतं प्रथिन कुठे, केव्हा आणि किती बनलं, हे मात्र तासागणिक बदलतं. निरोगी दाताजवळ आणि त्याच तोंडातल्या आजारी दाताजवळ जनुकं सारखीच असतात, प्रथिनं नाही. एखाद्या नमुन्यातली शक्य तितकी सगळी प्रथिनं एकदम ओळखण्याच्या आणि मोजण्याच्या शास्त्राला प्रोटिओमिक्स म्हणतात. जुन्या पद्धतीत आधी एखाद्या प्रथिनावर संशय घ्यायचा आणि मग तेवढंच मोजायचं. इथे आधी सगळी मोजायची आणि संशय कुणावर घ्यायचा हे आकड्यांवर सोपवायचं.

नमुना गोळा करण्यातच अर्धी लढाई

खाचेतून झिरपणारा हा द्रव रक्तातून गाळून आलेला असतो. वाटेत त्यात पांढऱ्या पेशींनी सोडलेले पदार्थ, तुटलेल्या तंतूंचे तुकडे आणि जंतूंचा माल मिसळतो. म्हणूनच तो मोलाचा आहे. अडचण एकच, तो अत्यल्प असतो. निरोगी खाचेतून अर्ध्या मिनिटात १ मायक्रोलिटरही मिळत नाही, आणि १ मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग.

पद्धत अशी. दाताच्या दोन्ही बाजूंना कापसाची गुंडाळी ठेवून लाळ अडवायची. हिरडीच्या वर दिसणारा प्लाक हिरडीला धक्का न लावता काढायचा. हवेच्या हलक्या झोताने जागा कोरडी करायची. मग शोषक कागदाची अरुंद पट्टी किंचित अडेपर्यंत, साधारण १ ते २ मिमी, आत सरकवायची आणि ३० सेकंद ठेवायची. पट्टीवर रक्त दिसलं तर ती टाकून द्यायची. चांगली पट्टी लगेच बर्फावर आणि पुढे उणे ८० अंशांवर जाते. प्रोबने खोली मोजायची ती या सगळ्यानंतर, कारण आधी मोजली तर रक्त येतं आणि रक्तातली प्रथिनं नमुन्यात घुसतात. अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन इतकी जास्त असतात की बाकीची त्यांच्याखाली दबून जातात. नमुन्यात अमायलेज हे लाळेतलं प्रथिन भरपूर सापडलं, तर कापूस नीट बसला नव्हता आणि लाळ शिरली होती असं समजावं.

आकडा कसा मांडायचा यातही मोठी गफलत होऊ शकते. समजा, निरोगी खाचेतून ०.१ मायक्रोलिटर द्रव मिळाला आणि त्यात एखादं प्रथिन ५ नॅनोग्रॅम होतं. आजारी खाचेतून ०.८ मायक्रोलिटर मिळाला आणि त्यात तेच प्रथिन २४ नॅनोग्रॅम भरलं. एकूण प्रमाण पाहिलं तर ते जवळपास पाचपट वाढलं. दर मायक्रोलिटरला पाहिलं तर ५० वरून ३० वर उतरलं! दोन्ही आकडे बरोबर आहेत. एका शोधनिबंधात प्रथिन "वाढतं" आणि दुसऱ्यात तेच "घटतं", याचं कारण कधीकधी इतकं साधं असतं. ३० सेकंदांत जमलेलं एकूण प्रमाण की द्रवातली तीव्रता, हे ज्या निबंधात स्पष्ट लिहिलेलं नाही त्यावर मी फार विसंबणार नाही.

यंत्र प्रथिन ओळखतं कसं?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. अख्खी साखळी यंत्रात घालून ओळखणं अवघड जातं, म्हणून आधी तिचे तुकडे करतात. पट्टीवरून प्रथिनं द्रावणात उतरवतात, त्यांच्या घड्या रसायनांनी उलगडतात, आणि ट्रिप्सिन नावाचं विकर (एन्झाइम) घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. ट्रिप्सिन कुठेही कापत नाही. लायसिन किंवा आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढेच ते घाव घालतं.

घरात साठलेली शंभर वर्तमानपत्रं घ्या आणि प्रत्येक पानावर "आणि" किंवा "पण" हा शब्द आला की तिथे कात्री चालवा. पुढ्यात चिटोऱ्यांचा ढीग पडेल. पण कात्री कुठे चालली हा नियम माहीत आहे, आणि प्रत्येक वर्तमानपत्राची मूळ प्रत संगणकात आहे. मग एखाद्या चिटोऱ्यावरच्या आठ-दहा शब्दांवरून तो कुठल्या दिवसाच्या, कुठल्या पानाचा हे शोधता येतं. एकाच अंकाचे दोन-तीन वेगवेगळे चिटोरे सापडले की खात्री पटते.

प्रथिनांच्या तुकड्यांचं असंच होतं. ते एका केसासारख्या बारीक नळीतून तास-दीड तास सावकाश सोडतात, म्हणजे सगळे एकदम बाहेर पडत नाहीत. नळीच्या टोकाशी विद्युतदाबाने त्यांचा फवारा होतो आणि त्यांच्यावर विद्युतभार चढतो. ही युक्ती विकसित करणारे जॉन फेन २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी होते. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक तुकड्याचं वजन आणि भार यांचं गुणोत्तर मोजतो, मग तो तुकडा फोडून त्याच्या तुकड्यांचंही मोजतो. ही वजनं संगणकातल्या ज्ञात प्रथिनांच्या यादीशी ताडून नाव ठरतं. चुकीच्या ओळखींचं प्रमाण साधारणपणे १ टक्क्यावर रोखतात.

हिरडीच्या बाबतीत इथे दोन खास अडचणी येतात. पहिली केराटिनची. काम करणाऱ्याच्या त्वचेतून आणि केसांतून पडणारं केराटिन प्रयोगशाळेत सगळीकडे असतं, आणि इतर नमुन्यांत ते कचरा म्हणून यादीतून सरळ वगळतात. पण केराटिन हिरडीच्या आवरणातही असतं. वगळलं तर खरी माहिती जाते, ठेवलं तर कचरा येतो.

दुसरी अडचण जास्त खोलवरची आहे. पायरियातला सर्वांत बदनाम जंतू पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. त्याची जिंजिपेन नावाची विकरं आपली प्रथिनं कापतात, आणि तीही नेमकी आर्जिनिन किंवा लायसिनच्याच पुढे! मग हाती आलेला तुकडा रुग्णाच्या हिरडीत जंतूने कापला की प्रयोगशाळेत ट्रिप्सिनने, हे नुसत्या तुकड्यावरून सांगता येत नाही. ते जाणून घ्यायचं असेल तर ट्रिप्सिन न घालता नमुना वेगळा तपासावा लागतो.

आजवर काय हाती लागलं

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये ल्यो यांचा दात न घासण्याचा जुना प्रयोग २१ दिवसांसाठी नव्या साधनांनी केला. स्वयंसेवकांच्या तोंडाच्या एका भागात घासणं थांबवलं, ठरावीक दिवशी खाचेतला द्रव घेतला, आणि नंतर सूज उतरतानाही घेतला. खात्रीने ओळखता आली ती १८६ मानवी प्रथिनं आणि केवळ १६ जंतूंची. आजची यंत्रं यापेक्षा कितीतरी लांब यादी देतात, पण मुख्य चित्र तेच राहतं. हा द्रव प्रामुख्याने आपल्याच शरीराचा असतो.

आजारी खाचेत पुन्हा पुन्हा वर येणारी नावं पाहिली की एकच पेशी समोर उभी राहते, न्यूट्रोफिल. जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणारी ही पांढरी पेशी. तिच्या पोतडीतलं मायलोपेरॉक्सिडेज, इलास्टेज, लॅक्टोफेरिन, कॅल्प्रोटेक्टिन ही सगळी वाढलेली दिसतात. आणि त्यांच्यासोबत एमएमपी-८ आणि एमएमपी-९ ही प्रथिनं कापणारी दोन विकरं. एमएमपी-८ हे कोलॅजेन कापणारं विकर आहे, आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू कोलॅजेनचेच असतात. दुसरीकडे, अशा विकरांना वेसण घालणारी काही प्रथिनं कमी पडलेली काही अभ्यासांत आढळतात.

म्हणजे तंतू तोडण्याचं बरंचसं काम जंतू स्वतः करत नाहीत. जंतूंना मारायला आलेली आपली फौज आठवडेच्या आठवडे हटत नाही आणि तिची हत्यारं आपल्याच तंतूंवर चालतात. पायरियाबद्दल हे कळणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण आजार काहींना का खातो आणि काहींना का सोडतो याचा धागा इथे हाती लागतो.

मग जंतूंचा दोष नाही असं म्हणायचं?

तसं नाही. जंतूंची प्रथिनं यादीत थोडी दिसतात, त्याचं एक कारण असं की मानवी प्रथिनांच्या गर्दीत ती यंत्राला सापडत नाहीत. ती हवी असतील तर प्लाक वेगळा गोळा करून तपासावा लागतो. शिवाय न्यूट्रोफिल उगाच येत नाहीत, त्यांना बोलावतो तो प्लाकच. आणि ही फौज परत पाठवण्याचा खात्रीचा मार्ग आजही एकच आहे, प्लाक आणि कीटण काढणं. बर्मिंगहॅमच्या प्रयोगातही घासणं पुन्हा सुरू झाल्यावरच सूज उतरली.

यादी एवढी लांब, तर चाचणी कुठे आहे?

इथे थोडं गणित लागतं. समजा, २० रुग्ण आणि २० निरोगी माणसं घेऊन १,००० प्रथिनं मोजली. "योगायोगाची शक्यता ५ टक्क्यांहून कमी" ही नेहमीची कसोटी लावली, तर प्रत्यक्षात एकाही प्रथिनात फरक नसला तरी सुमारे ५० प्रथिनं निव्वळ योगायोगाने "वेगळी" दिसतील. यावर संख्याशास्त्रात उपाय आहेत आणि ते वापरायलाच हवेत. तरी खरी परीक्षा दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या माणसांवर होते. पहिल्या चाळीस जणांवर झकास चाललेला प्रथिनांचा संच तिथे बऱ्याचदा लंगडा पडतो.

निरोगी गट कसा निवडला हेही पाहावं लागतं. पंचविशीतले दंतवैद्यकीचे विद्यार्थी निरोगी म्हणून आणि पन्नाशीतले लोक रुग्ण म्हणून घेतले, तर हाती लागलेला फरक वयाचा असू शकतो. मधुमेह आणि तंबाखू या दोन्ही गोष्टी प्रथिनांचं चित्र बदलतात. भारतात, आणि मिश्री लावण्याची सवय असलेल्या महाराष्ट्राच्या कित्येक भागांत, त्यांची नोंद न घेता केलेला अभ्यास फारसा कामाचा ठरणार नाही.

आणखी एक मेख आहे. यंत्र प्रथिनाचं प्रमाण सांगतं, ते कामाला लागलंय की नाही हे सांगत नाही. एमएमपी-८ आधी निष्क्रिय रूपात असतं आणि नंतर सक्रिय होतं. तंतू कापतं ते सक्रिय रूपच.

लाळेची चाचणी आली तर प्रोब नको?

सक्रिय एमएमपी-८ ओळखणारी, काही मिनिटांत उत्तर देणारी पट्टी फिनलंडमधल्या संशोधनातून तयार झाली आहे. पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि ती चूळ तपासायची. ही चाचणी सोपी आहे, दुखत नाही, रक्त काढावं लागत नाही.

पण लाळेत किंवा चुळीत सगळ्या दातांभोवतीचा द्रव एकत्र येतो. आजार तोंडात कुठेतरी आहे एवढं कळतं, कोणत्या दाताच्या कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. उपचार तर त्या जागेवरच करायचा असतो.

चुकांचा हिशोबही मांडून पाहू. समजा, एखादी चाचणी आजारी माणसांपैकी ८० टक्के बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी ८० टक्के बरोबर सोडते. ऐकायला छान वाटतं. आता १,००० जण घ्या, त्यांतल्या १९० जणांना तीव्र पायरिया आहे. चाचणी त्यांतले १५२ पकडेल, ३८ निसटतील. उरलेल्या ८१० निरोगी लोकांपैकी १६२ जणांना ती उगीचच आजारी ठरवेल. म्हणजे चाचणीने बोट दाखवलेल्या दर दोन माणसांपैकी एकाला तीव्र पायरिया नसेलच. जिथे डेंटिस्ट पोहोचत नाही तिथे कुणाला पुढे पाठवायचं हे ठरवायला अशी चाचणी उपयोगी पडेल. निदानाचा शेवटचा शब्द तिच्याकडे देता येणार नाही.

मला तिचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी दिसतो. सफाई झालेली आहे, खाच अजून पाच मिलिमीटर आहे, रक्त कधी येतं कधी नाही. अशा रुग्णाला तीन महिन्यांनी बोलवावं की सहा, की शस्त्रक्रियेचा विचार करावा? आत आग चालू आहे की विझली, हे प्रथिनांवरून खात्रीने सांगता आलं तर या प्रश्नाचं उत्तर अंदाजावर सोडावं लागणार नाही.

आज रुग्णाच्या हातात काय आहे?

या समजुतीतून एक औषध आधीच निघालेलं आहे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिवसातून दोनदा फक्त २० मिलिग्रॅम दिलं तर जंतू मरत नाहीत, पण कोलॅजेन कापणाऱ्या विकरांना लगाम बसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये याला मान्यता दिली. ते सफाईच्या जोडीला देतात, सफाईऐवजी नाही, आणि लाभ मर्यादित असतो. नेहमीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून स्वतःच घेणं वेगळं आणि चुकीचं, कारण त्याने जंतूंमध्ये औषधाला न जुमानण्याची ताकद वाढते.

मधुमेह असेल तर डेंटिस्टला एचबीएवन्सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणाऱ्या चाचणीचा, ताजा आकडा सांगा. २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरलेल्या वर्गीकरणात हा आकडा ७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आजार झपाट्याने वाढणाऱ्या गटात धरतात. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांनाही त्याच गटात ठेवतात. उलट बाजूनेही संबंध आहे. पायरियाचा उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवन्सी सरासरी ०.४ अंकांनी उतरतो, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. धूम्रपान करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून आजार असूनही तो दिसत नाही.

"सफाई केली की दात हलायला लागतात" ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाचा घट्ट थर शेजारच्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. तो काढला की हलणं उघडं पडतं. सूज उतरून हिरडी आवळली की बऱ्याचदा ते कमीही होतं.

डेंटिस्टकडे गेल्यावर खाचांच्या मोजणीचा तक्ता मागून घ्या, रक्त आलेल्या जागांवर खूण असलेला. सफाईनंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करून घ्या आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहा. आकडा उतरला आणि रक्त थांबलं, तर फौज माघारी गेली. सहाचे सहा राहिले आणि रक्तही तसंच असेल, तर त्या जागेवर पुढे काय करायचं हे त्याच भेटीत विचारा.